सार्जंट, जोसेफ

सार्जंट, जोसेफ : (२२ जुलै १९२५ – २२ डिसेंबर २०१४). अमेरिकन दूरचित्रवाणीपट व चित्रपट दिग्दर्शक. मूळ नाव जूझेप्पे दान्येले सोर्जेंते. दूरचित्रवाणीवरील साप्ताहिक मालिका, चित्रपटगृहांसाठी काढलेले चित्रपट आणि खास दूरचित्रवाणीसाठी निर्माण केलेले पूर्ण लांबीचे चित्रपट, म्हणजेच दूरचित्रवाणीपट, या तिन्ही क्षेत्रांत त्याने सु. पन्नास वर्षे काम केले. तथापि त्याची खरी कीर्ती तिसऱ्या प्रकारावर अधिष्ठित आहे. दिग्दर्शनासाठी दिला जाणारा एमी हा दूरचित्रवाणी क्षेत्रातील मानाचा पुरस्कार त्याला चार वेळा लाभला. एकाच कारकीर्दीत उत्कृष्ट, सामान्य आणि सपशेल फसलेल्या अशा सर्व प्रकारच्या कलाकृती आढळणारा हा दिग्दर्शक दूरचित्रवाणीपट या कलाप्रकाराचे सामर्थ्य व मर्यादा समजून घेण्याच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो.

जीवन व पूर्वतयारी : सार्जंटचा जन्म न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे एका इटालियन स्थलांतरित कुटुंबात झाला. ‘सोर्जेंते’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘झरा’ किंवा ‘उगम’. पुढे अभिनयक्षेत्रात शिरताना त्याने या आडनावाला इंग्रजी वळण दिले. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्यात होता आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात बेल्जियम–लक्सेंबर्गच्या अरण्यप्रदेशात झालेल्या घनघोर लढाईत त्याने भाग घेतला. युद्धानंतर न्यूयॉर्कमधील ‘न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च’ या संस्थेत त्याने नाट्यशिक्षण घेतले. १९५० नंतरच्या दशकात तो नट म्हणून वावरला; परंतु त्याच्या वाट्याला बहुधा किरकोळ भूमिकाच आल्या. ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ (१९५३) या गाजलेल्या चित्रपटात तो एका सैनिकाच्या भूमिकेत दिसतो. श्रेयनामावलीत मात्र त्याचे नाव नाही. नट म्हणून त्याला यश लाभले नाही, पण नटाच्या अडचणी आतून जाणण्याची जी संधी मिळाली, ती त्याला पुढे दिग्दर्शक म्हणून उपकारक ठरली. त्याच्या दूरचित्रवाणीपटांतील अभिनेत्यांना जे असंख्य पुरस्कार लाभले, त्यांचे मूळ या अनुभवात शोधता येते.

मालिकांचे दिग्दर्शन : १९६० च्या सुमारास सार्जंट दिग्दर्शनाकडे वळला. ‘लॅसी’, ‘बोनान्झा’, ‘द मॅन फ्रॉम अंकल’, ‘द इन्व्हेडर्स’ यांसारख्या लोकप्रिय मालिकांचे भाग त्याने दिग्दर्शित केले. या कामात दिग्दर्शकाला स्वातंत्र्य थोडे असते. पात्रे, त्यांचे स्वभाव, नेपथ्य आणि कथेचा साचा हे सर्व आधीच ठरलेले असते. आठवड्याभरात एक भाग चित्रित करून पुढच्या भागाकडे वळावे लागते. ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथामालिकेतील ‘द कॉर्बोमाइट मॅनूव्हर’ हा त्याने दिग्दर्शित केलेला भाग १० नोव्हेंबर १९६६ रोजी प्रक्षेपित झाला. दोन नमुनाभागांनंतर नियमित मालिकेसाठी चित्रित झालेला हा पहिलाच भाग होता. त्यामुळे मालिकेतील अनेक पात्रांचे परस्परसंबंध व वागण्याबोलण्याची धाटणी त्यात प्रथम निश्चित झाली. ‘द मॅन फ्रॉम अंकल’ मालिकेचे दोन सलग भाग एकत्र जोडून ‘वन स्पाय टू मेनी’ (१९६६) हा चित्रपट तयार करण्यात आला व चित्रपटगृहांत दाखविण्यात आला. दूरचित्रवाणी आणि चित्रपट यांच्या सीमारेषेवर चालणारे त्याचे पुढील जीवनकार्य अशा रीतीने आरंभापासूनच सूचित झालेले दिसते.

दूरचित्रवाणीपटाचे स्वरूप : सार्जंटच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी या प्रकाराची घडण थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीवरील नाटके बहुधा प्रत्यक्ष प्रयोग चालू असतानाच प्रक्षेपित होत. पुढे चित्रपटगृहांतील जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविण्याची प्रथा पडली. परंतु त्यांचे हक्क महाग होत गेले आणि लोकप्रिय चित्रपटांचा साठाही अपुरा पडू लागला. तेव्हा खास दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निर्माण करण्याची कल्पना पुढे आली. एनबीसी या प्रक्षेपण कंपनीने ७ ऑक्टोबर १९६४ रोजी प्रक्षेपित केलेला ‘सी हाउ दे रन’ हा या प्रकारातील पहिला चित्रपट समजला जातो. एबीसी कंपनीने सप्टेंबर १९६९ मध्ये ‘मूव्ही ऑफ द वीक’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला आणि या प्रकाराला स्थैर्य आले. त्यासाठी दीड तासाचा अवधी नेमून दिलेला असे. जाहिराती वजा जाता प्रत्यक्ष चित्रपट सु. ७३ मिनिटांचा होई. चित्रीकरण अवघ्या दोन-तीन आठवड्यांत उरकावे लागे. स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ड्युएल’ (१९७१) हा याच कार्यक्रमातून पुढे आला.

या अर्थव्यवस्थेचा परिणाम कथारचनेवर होणे अपरिहार्य होते. दर दहा-बारा मिनिटांनी जाहिरातींसाठी कथा थांबवावी लागे. विरामाच्या काळात प्रेक्षकाने दुसरा कार्यक्रम लावू नये, म्हणून प्रत्येक विरामापूर्वी उत्कंठेचा एक बिंदू आणून ठेवणे पटकथालेखकास भाग पडे. दोन तासांच्या कार्यक्रमात असे सहा-सात ‘अंक’ पडत. पडदा लहान असल्याने दूरदृश्यांपेक्षा चेहऱ्यांची समीपदृश्ये अधिक परिणामकारक ठरत. प्रायोजकांना वादग्रस्त विषय नकोसे असत. मात्र या मर्यादांची दुसरी बाजूही होती. प्रेक्षकाला तिकीट काढावे लागत नसल्याने एका रात्रीत कोट्यवधी कुटुंबांपर्यंत पोहोचता येई आणि चित्रपटगृहांत ज्यांना प्रेक्षक मिळाला नसता, असे घरगुती, सामाजिक व न्यायविषयक प्रश्न येथे हाताळता येत. सार्जंटने या दोन्ही बाजू नेमक्या ओळखल्या.

प्रारंभीचे दूरचित्रवाणीपट : ‘ट्राइब्ज’ (१९७०) हा त्याचा लक्षणीय ठरलेला पहिला दूरचित्रवाणीपट. व्हिएटनाम युद्ध चालू असताना सक्तीने सैन्यात भरती झालेला एक लांब केसांचा ‘हिप्पी’ तरुण आणि त्याला शिस्त लावू पाहणारा कवायतशिक्षक यांच्यातील संघर्ष त्यात रंगविला आहे. युद्धाच्या प्रश्नावर अमेरिकन समाज दुभंगलेला असताना दोन्ही पक्षांना माणूस म्हणून समजून घेण्याचा हा प्रयत्न धाडसी होता. त्याच्या पटकथेला एमी पुरस्कार मिळाला आणि यूरोपात हा चित्रपट चित्रपटगृहांतही दाखविण्यात आला. ‘मेबी आय विल कम होम इन द स्प्रिंग’ (१९७१) यात घर सोडून गेलेल्या व परतलेल्या मुलीची कहाणी आहे. अर्व्हिंग वॉलेसच्या कादंबरीवर आधारलेला ‘द मॅन’ (१९७२) हा मुळात दूरचित्रवाणीसाठी तयार झाला. परंतु तो चित्रपटगृहांत प्रदर्शित करण्यात आला. अनपेक्षित घटनांमुळे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी आलेल्या कृष्णवर्णीय नेत्याची भूमिका त्यात जेम्स अर्ल जोन्सने केली आहे. बराक ओबामा अध्यक्षपदी येण्याच्या छत्तीस वर्षे आधीचा हा चित्रपट आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

‘द मार्कस-नेल्सन मर्डर्स’ : ८ मार्च १९७३ रोजी सीबीएस कंपनीने प्रक्षेपित केलेला हा दूरचित्रवाणीपट सार्जंटच्या कारकीर्दीतील महत्त्वाचा टप्पा होय. त्याचा आधार एका सत्य घटनेत आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन तरुणींची हत्या झाली. पुढील वर्षी पोलिसांनी जॉर्ज व्हिटमोर या एकोणीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला पकडले आणि वकिलाच्या गैरहजेरीत दीर्घ काळ चौकशी करून त्याच्याकडून तपशीलवार कबुलीजबाब घेतला. हा जबाब खोटा असल्याचे नंतर सिद्ध झाले व खऱ्या खुन्याला शिक्षा झाली. तथापि दुसऱ्या एका आरोपाखाली व्हिटमोर वर्षानुवर्षे न्यायालयाच्या फेऱ्यांत अडकून राहिला. आरोपीला मौन बाळगण्याचा व वकील मिळण्याचा हक्क आहे, याची जाणीव पोलिसांनी त्याला चौकशीपूर्वी करून दिली पाहिजे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा खटल्यात (१९६६) दिला. त्या निकालपत्रात खोट्या कबुलीजबाबाचे उदाहरण म्हणून या प्रकरणाचा उल्लेख आढळतो.

अ‍ॅबी मान याच्या पटकथेत पात्रांची नावे बदलली आहेत. पण प्रकरणाचा गाभा कायम आहे. सार्जंटने पोलिसांना खलपुरुष म्हणून रंगविण्याचे टाळले. थकलेले, वरिष्ठांच्या दडपणाखाली असलेले आणि आरोपी सापडल्याच्या समाधानात पुरावा जुळवीत जाणारे साधे अधिकारी त्याने दाखविले. त्यामुळे अन्याय हा एखाद्या दुष्टाच्या कारस्थानातून नव्हे, तर व्यवस्थेच्या रोजच्या वहिवाटीतून कसा घडतो, हे प्रेक्षकाला उमगते. सत्य शोधू पाहणाऱ्या गुप्त पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत टेली सव्हालस होता. त्याचे प्रयत्न अपुरे पडतात व तरुणाची सुटका होत नाही, असा शेवट दूरचित्रवाणीवर तेव्हा अपवादात्मकच होता. वास्तवातील व्हिटमोरची सुटका चित्रपट प्रक्षेपित झाल्यानंतर त्याच वर्षी झाली. या चित्रपटासाठी सार्जंटला पहिला एमी पुरस्कार आणि अमेरिकन दिग्दर्शक संघाचा (डायरेक्टर्स गिल्ड) पुरस्कार लाभला. सव्हालसचे पात्र इतके लोकप्रिय झाले, की त्यावरून ‘कोजॅक’ (१९७३–७८) ही मालिका निघाली. मूळ कृतीतील पराभूत सत्यशोधक मालिकेत मात्र दर आठवड्याला गुन्हा उलगडणारा यशस्वी नायक बनला. दूरचित्रवाणीच्या व्यवहारात गंभीर कलाकृतीचे काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘सनशाइन’ हा त्याचा आणखी एक दूरचित्रवाणीपट आला. हाडाच्या कर्करोगाने मृत्युपंथाला लागलेल्या एका तरुण मातेने आपल्या लहान मुलीसाठी ध्वनिफितीवर नोंदविलेल्या आठवणींवर तो आधारलेला आहे. जॉन डेन्व्हरची गीते आणि अभिनेत्री क्रिस्टिना रेन्स हिचा संयत अभिनय यांमुळे तो अतिशय लोकप्रिय झाला. असाध्य रोगावरील भावनाप्रधान चित्रपटांची जी लाट पुढे आली, तिच्या तुलनेत यातील नायिका अधिक मानी व कणखर आहे.

चित्रपटगृहांसाठी केलेले काम : सार्जंटने चित्रपटगृहांसाठी केलेले काम संख्येने थोडे व गुणवत्तेने विषम आहे. ‘कोलॉसस : द फॉर्बिन प्रॉजेक्ट’ (१९७०) हा डी. एफ्. जोन्सच्या कादंबरीवर आधारलेला विज्ञानपट आहे. अण्वस्त्रांचे नियंत्रण सोपविलेला अमेरिकन महासंगणक सोव्हिएट महासंगणकाशी संधान बांधतो व दोघे मिळून मानवजातीवर सत्ता प्रस्थापित करतात, अशी त्याची कथा आहे. यंत्रबुद्धीच्या धोक्यांची चर्चा आज सर्वत्र होत असल्याने या चित्रपटाकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले आहे. बर्ट रेनल्ड्सची प्रमुख भूमिका असलेला ‘व्हाइट लाइटनिंग’ (१९७३) हा दक्षिणेकडील ग्रामीण अमेरिकेत घडणारा साहसपट होय.

‘द टेकिंग ऑफ पेलम वन टू थ्री’ (१९७४) ही त्याची या क्षेत्रातील सर्वोत्कृष्ट कृती. जॉन गोडीच्या कादंबरीवरून पीटर स्टोनने पटकथा लिहिली. चार सशस्त्र इसम न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा एक डबा ताब्यात घेतात आणि एका तासात दहा लाख डॉलर न मिळाल्यास उतारूंना एकेक करून ठार मारण्याची धमकी देतात. रॉबर्ट शॉ टोळीचा म्होरक्या, तर वॉल्टर मॅथाऊ वाहतूक पोलीस खात्यातील अधिकारी आहे. चित्रीकरणासाठी ब्रुकलिनमधील वापरात नसलेले कोर्ट स्ट्रीट हे स्थानक उपयोगात आणले. याच स्थानकात १९७६ मध्ये वाहतूक संग्रहालय सुरू झाले. ओवेन रॉइझमनचे छायालेखन व डेव्हिड शायरचे तालप्रधान संगीत यांचा परिणामात मोठा वाटा आहे. मात्र चित्रपटाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातून प्रकट होणारे शहर. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील न्यूयॉर्क, तापाने अंथरुणाला खिळलेला महापौर, कुरकुरणारे कर्मचारी, एकमेकांवर खेकसणारे पण प्रसंगी कर्तव्य बजावणारे नागरिक या सर्वांचे खोचक विनोदासह घडणारे दर्शन या थरारपटाला सामाजिक दस्तऐवजाचे मोल देते. बंद डब्यात व नियंत्रणकक्षात, मुख्यतः संभाषणांतून ताण निर्माण करण्याचे कसब सार्जंटने दूरचित्रवाणीवर कमावले होते. मोठ्या पडद्यावर तेच त्याच्या कामी आले. या कादंबरीवरून १९९८ मध्ये दूरचित्रवाणीपट आणि २००९ मध्ये पुन्हा चित्रपट निघाला. पण मूळ कृतीची सर त्यांना आली नाही.

ग्रेगरी पेकची प्रमुख भूमिका असलेला ‘मॅकआर्थर’ (१९७७) हा चरित्रपट प्रतिष्ठित, परंतु काहीसा संथ झाला. ‘जॉज : द रिव्हेंज’ (१९८७) हा मात्र त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठा फसलेला प्रयोग ठरला. शार्क माशाच्या गाजलेल्या चित्रपटाचा हा चौथा भाग. त्याचे चित्रीकरण फेब्रुवारी १९८७ मध्ये सुरू झाले व जुलैमध्ये तो प्रदर्शितही झाला. कथा पक्की होण्याआधीच प्रदर्शनाची तारीख ठरली, की कुशल दिग्दर्शकही हतबल होतो, याचे हे उदाहरण आहे. सार्जंट कमी वेळात काम करण्यास सरावलेला होता. तथापि दूरचित्रवाणीपटातील घाई लहान प्रसंग व मोजकी पात्रे यांच्या आधारे निभावून नेता येते. जेथे सर्व भिस्त यांत्रिक माशावर व समुद्रावर असते, तेथे ती निभत नाही. समीक्षकांनी या चित्रपटावर सडकून टीका केली. यानंतर चित्रपटगृहांसाठी त्याने जवळजवळ काही केले नाही आणि त्याची दूरचित्रवाणीवरील सर्वोत्तम निर्मिती यानंतरच्या काळातच झाली, हे विशेष.

‘लव्ह इज नेव्हर सायलेंट’ : हा १९८५ चा दूरचित्रवाणीपट कर्णबधिरांच्या चित्रणाच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. जोअ‍ॅन ग्रीनबर्गच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. कर्णबधिर आईवडिलांच्या पोटी जन्मलेली, ऐकू येणारी मुलगी बालपणापासून घर आणि बाहेरचे जग यांच्यातील दुभाषी बनते. धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर शवपेटिकेच्या किमतीची घासाघीसही त्या चिमुरडीलाच आईवडिलांच्या वतीने करावी लागते. मोठेपणी स्वतःचे आयुष्य निवडताना तिला अपराधी वाटू लागते, हा कथेचा गाभा आहे. आईवडिलांच्या भूमिकांसाठी ऐकू येणारे नामांकित नट घ्यावेत, असा व्यावसायिक आग्रह होता. परंतु कादंबरीचे हक्क मिळविणारी ज्युलियाना फिएल्ड ही निर्माती स्वतः कर्णबधिर होती व या भूमिका कर्णबधिर नटांनीच कराव्यात, या अटीवर ती ठाम राहिली. अखेर फिलिस फ्रेलिक व एड वॉटरस्ट्रीट यांची निवड झाली. हातवाऱ्यांची भाषा पडद्यावर पूर्ण दिसली पाहिजे, या गरजेने समीपदृश्यांची नेहमीची सवय बाजूला ठेवून कंबरेपासून वरचे दृश्य दीर्घकाळ स्थिर ठेवणे येथे आवश्यक ठरते. शांततेलाच संवादाचे स्थान देण्याचे हे तंत्र सार्जंटने समर्थपणे हाताळले. त्याला दिग्दर्शनाचा दुसरा एमी पुरस्कार मिळाला आणि चित्रपटही सर्वोत्कृष्ट ठरला. कर्णबधिरांच्या प्रश्नांविषयीची त्याची आस्था अखेरपर्यंत टिकली. लहान मुलाच्या कानात श्रवणयंत्र शस्त्रक्रियेने बसवावे की नाही, या मुद्द्यावरून आईवडिलांत पडणारी फूट दाखविणारा ‘स्वीट नथिंग इन माय इअर’ (२००८) हा त्याच्या अगदी अखेरच्या कृतींपैकी एक आहे.

इतिहास व न्याय : दुसरे महायुद्ध हा सार्जंटच्या कामात वारंवार येणारा विषय आहे. ‘डे वन’ (१९८९) मध्ये अणुबाँबच्या निर्मितीची कथा आहे. बाँब बनविण्याची शास्त्रज्ञांची धडपड आणि तो वापरू नये यासाठी त्यांच्यापैकीच काहींनी केलेला विरोध, या दोन्ही बाजू त्यात येतात. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाला दिलेले महत्त्व हा त्याचा विशेष. याच विषयावर त्या वर्षी चित्रपटगृहांसाठीही एक चित्रपट निघाला होता. तथापि वैचारिक स्पष्टतेच्या दृष्टीने दूरचित्रवाणीपटच सरस ठरला. ‘द इन्सिडेंट’ (१९९०) मध्ये अमेरिकेतील छावणीत असलेल्या जर्मन युद्धकैद्याचा बचाव करण्याची वेळ आलेल्या छोट्या गावातील वकिलाची भूमिका वॉल्टर मॅथाऊने केली आहे. गावाचा रोष पत्करूनही शत्रूला न्याय्य खटला मिळाला पाहिजे, हा त्यातील विचार ‘द मार्कस-नेल्सन मर्डर्स’शी नाते सांगणारा आहे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नाट्यकृतीचा एमी पुरस्कार ‘द इन्सिडेंट’ आणि ‘कॅरोलाइन?’ यांना विभागून देण्यात आला. दोन्ही सार्जंटच्याच कृती असल्याने हा प्रसंग अपूर्व ठरला. ‘कॅरोलाइन?’साठी त्याला दिग्दर्शनाचा तिसरा एमी पुरस्कार मिळाला. ‘मिस रोझ व्हाइट’ (१९९२) या कृतीने चौथा मिळवून दिला. बालपणीच पोलंडमधून अमेरिकेत येऊन तेथील जीवनाशी समरस झालेली ज्यू तरुणी आणि नाझी छळछावण्यांतून वाचून आलेली तिची थोरली बहीण यांच्या भेटीची ही कथा आहे. छळछावण्यांची दृश्ये फारशी न दाखविता एका घरातील अवघडलेल्या मौनातून तो इतिहास जाणवून देण्यात दिग्दर्शकाचे सामर्थ्य दिसते.

एचबीओ काळ : १९९० नंतर मोठ्या प्रक्षेपण कंपन्यांवरील दूरचित्रवाणीपटांची संख्या घटत गेली आणि त्यांचे विषयही सनसनाटी गुन्ह्यांकडे झुकले. गंभीर कलाकृतींना वर्गणी घेऊन चालणाऱ्या एचबीओसारख्या वाहिन्यांनी आश्रय दिला. तेथे जाहिराती नसल्याने कथा मध्येच तोडावी लागत नसे आणि प्रायोजकांची मर्जीही सांभाळावी लागत नसे. सत्तरी ओलांडलेल्या सार्जंटला हे स्वातंत्र्य मानवले.

‘मिस एव्हर्स बॉइज’ (१९९७) या कृतीचा विषय टस्कीगी येथील कुप्रसिद्ध वैद्यकीय प्रयोग हा आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ पासून ॲलाबॅमा राज्यातील ३९९ कृष्णवर्णीय उपदंशग्रस्त पुरुषांवर, रोग उपचाराविना कसा वाढतो, हे पाहण्यासाठी चाळीस वर्षे निरीक्षण केले. त्यांना रोगाचे खरे नाव सांगण्यात आले नाही. पेनिसिलिन हे प्रभावी औषध उपलब्ध झाल्यानंतरही ते त्यांना देण्यात आले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण उघडकीस आणले, तेव्हा हा प्रयोग थांबला. डेव्हिड फेल्डशू या वैद्य-नाटककाराच्या नाटकावरून वॉल्टर बर्नस्टीनने पटकथा लिहिली. रुग्णांवर माया करणारी आणि तरीही प्रयोगाशी एकनिष्ठ राहणारी परिचारिका ही तिची नायिका आहे. ॲल्फ्री वुडर्डने ही भूमिका साकारली. नायिकेला खलनायिका न करता, चांगुलपणा आणि आज्ञाधारकपणा एकत्र आले असता माणूस कोणत्या थरापर्यंत अन्यायात सहभागी होतो, हा प्रश्न सार्जंटने केंद्रस्थानी ठेवला. या मांडणीवर आक्षेपही घेण्यात आला. परिचारिकेवर सर्व प्रकाश टाकल्याने प्रयोग आखणाऱ्या डॉक्टरांची व शासनाची जबाबदारी काहीशी झाकली जाते, असे इतिहासकारांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. नाट्यमय एकात्मतेसाठी व्यापक दोष एका व्यक्तीच्या मनात कोंडणे ही या कलाप्रकाराची मूळचीच मर्यादा होय. मात्र हे प्रकरण लक्षावधी घरांत पोहोचविण्याचे कार्य या चित्रपटाने केले, हेही नाकारता येत नाही. तो फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रक्षेपित झाला. १६ मे १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हयात असलेल्या रुग्णांची राष्ट्राच्या वतीने जाहीर क्षमा मागितली.

‘अ लेसन बिफोर डाइंग’ (१९९९) ही अर्नेस्ट गेन्सच्या कादंबरीवर आधारलेली कृती आहे. न केलेल्या खुनासाठी देहदंडाची शिक्षा झालेल्या कृष्णवर्णीय तरुणाला मानाने मरण्यास शिकविणारा शिक्षक तिचा नायक आहे. ‘समथिंग द लॉर्ड मेड’ (२००४) मध्ये व्हिव्हिअन टॉमस (१९१०–८५) याची सत्यकथा आहे. सुतारकाम करणारा हा कृष्णवर्णीय तरुण शल्यचिकित्सक ॲल्फ्रेड ब्लेलॉक याच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आला आणि प्राण्यांवरील शस्त्रक्रियांत विलक्षण पारंगत झाला. रक्तात प्राणवायू कमी पडल्याने निळ्या पडणाऱ्या अर्भकांवरील पहिली शस्त्रक्रिया ब्लेलॉकने नोव्हेंबर १९४४ मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात केली, तेव्हा टॉमस त्याच्या पाठीशी उभा राहून सूचना देत होता. वैद्यकीय पदवी नसल्याने व वर्णभेदामुळे त्याला दीर्घकाळ श्रेय लाभले नाही. ॲलन रिकमन व मोस डेफ यांनी रंगविलेल्या या दोघांच्या नात्यात परस्पर आदर, अवलंबन आणि विषमता ही एकाच वेळी नांदतात. याच कृतीसाठी सार्जंटला दिग्दर्शक संघाचा पुरस्कार पुन्हा मिळाला. ‘वॉर्म स्प्रिंग्ज’ (२००५) मध्ये बालपक्षाघाताने अपंग झालेला फ्रँक्लिन रूझवेल्ट जॉर्जियातील उष्ण झऱ्यांच्या ठिकाणी सामान्य रुग्णांच्या सहवासात कसा बदलत गेला, हे दाखविले आहे. ही सर्व चित्रणे त्या त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट दूरचित्रवाणीपटाच्या एमी पुरस्काराची मानकरी ठरली.

शैली व मूल्यमापन : सार्जंटची स्वतःची अशी ठळक दृश्यशैली सांगता येत नाही. कॅमेऱ्याच्या चमत्कृतीपूर्ण हालचाली, प्रतीकांची पेरणी किंवा संकलनातील धक्कातंत्र यांकडे त्याचा कल नव्हता. चित्रपटाचा खरा कर्ता दिग्दर्शक होय, असे मानणाऱ्या समीक्षकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले, त्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण कलाप्रकाराच्या स्वरूपात आहे. दूरचित्रवाणीपट एका रात्री प्रक्षेपित होई, क्वचित पुन्हा दाखविला जाई आणि नंतर विस्मृतीत जाई. चित्रपटाप्रमाणे त्याचे पुनःप्रदर्शन किंवा शास्त्रशुद्ध जतन फारसे होत नसे. परिणामी ज्या कृती एकेकाळी घराघरांतून चर्चिल्या गेल्या, त्यांतील कित्येक आज अभ्यासकालाही सहज पाहावयास मिळत नाहीत. ‘जॉज’चा चौथा भाग मात्र सर्वत्र उपलब्ध आहे. दिग्दर्शकाची कीर्ती त्याच्या गुणांइतकीच त्याच्या कृतींच्या उपलब्धतेवर अवलंबून असते, हे यावरून लक्षात येते.

असे असले, तरी त्याच्या उत्तम कृतींतून एक सुसंगत सूत्र जाणवते. संस्था व व्यक्ती यांचा संबंध हा त्याचा मुख्य विषय. पोलीस खाते, लष्कर, न्यायालय, प्रयोगशाळा, रुग्णालय या संस्थांत वावरणारी सद्‍हेतूची माणसे केव्हा शरण जातात आणि केव्हा ताठ उभी राहतात, याचा शोध तो घेत राहिला. नटांना मोकळीक देणारी दीर्घ दृश्ये, दोन व्यक्तींच्या संवादातील सूक्ष्म ताण, करुण प्रसंगी आवरलेली भावना आणि प्रेक्षकाच्या बुद्धीवरील विश्वास ही त्याच्या दिग्दर्शनाची वैशिष्ट्ये होत. जेम्स कॅग्नीसारख्या वृद्ध व आजारी नटाकडून ‘टेरिबल जो मोरन’ (१९८४) या दूरचित्रवाणीपटात त्याने अखेरची भूमिका करवून घेतली. पात्र चाकाच्या खुर्चीत बसलेले असल्याने नटाचे दौर्बल्य हेच भूमिकेचे बळ झाले.

उत्तरायुष्यात सार्जंटने अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट या संस्थेत दिग्दर्शनाचे अध्यापन केले. कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे त्याचे निधन झाले. ज्या माध्यमाला अनेकांनी केवळ जाहिरातींमधील जागा भरण्याचे साधन मानले, त्याच माध्यमातून त्याने सामान्य प्रेक्षकांपुढे न्याय, समता व मानवी प्रतिष्ठा यांविषयीचे अवघड प्रश्न सोप्या रीतीने, पण सवंग न करता मांडले. [→ चलच्चित्रपट, दूरचित्रवाणी].